बांधून ठेवलेली ओळ

"मान जरा वर करा," मी म्हणालो.

त्या माणसानं मान वर केली नाही. उलट डोक्यावरचं उपरणं आणखी पुढं ओढलं. माझ्या डाव्या हातात बुक्क्याची वाटी होती, उजव्या हाताचं बोट काळं झालं होतं आणि अजून दोन रांगा राहिल्या होत्या. तिकडं कीर्तनकार नरहरबुवा नुकताच गळ्यात पडलेला हार सावरत उभे होते. पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला होता.

"अहो, देवाचा बुक्का आहे. नको म्हणू नये."

"नको म्हणत न्हाई, भाऊ," तो पुटपुटला. "तुम्हीच वाकून लावा."

मी वाकलो. उपरण्याच्या सावलीत दोन डोळे दिसले आणि हातातली वाटी कलंडता कलंडता राहिली. त्या माणसाबद्दल मी आठ दिवस रोज पहिल्या पानावर लिहीत होतो.

आमच्या गावात तांबटआळी आहे. तिथला गणपत तांबट नावाचा माणूस डोक्यात हातोडा बसून मेला होता, आणि त्याच्या भावजयीचा भाऊ रंगनाथ त्या संध्याकाळपासून बेपत्ता होता. 'हातोडेवाला' हे नाव मीच दिलेलं. 'हातोडेवाला कुठे दडला?', 'हातोडेवाल्याच्या भीतीने आळी ओस' असे मथळे मी रोज द्यायचो आणि आमच्या 'वार्तादीप'चे अंक दुपारपर्यंत संपायचे. संपादक दादासाहेब वझे मला खांद्यावर थोपटून चहा पाजायचे.

हाच रंगनाथ सात-आठ वर्षं मुरलीधराच्या देवळात कीर्तनाला झांज धरायचा. बुवांनी लय वाढवली की डोळे मिटून झांज अशी वाजवायचा, की पुढच्या रांगेत बसलेला मी आपोआप डोलायला लागे. पूर्वरंग संपला की बुवांना हार घालायचा, बुक्का लावायचा आणि मग श्रोत्यांना लावत फिरायचं, हे देवळातलं काम माझ्याकडं होतं. म्हणजे त्याच्या कपाळाला मी आजवर शंभरदा तरी बोट लावलं असेल. पण कचेरीत टेबलावर बसलो की ते कपाळ मला आठवत नसे.

"ओरडू नका," तो म्हणाला.

"ओरडत नाहीये. इथं काय करतोस?"

"कीर्तन ऐकतोय."

"रंगनाथ!"

"मला पोलिसात जायचंच हाय, भाऊ. भैनीला, भागूला शब्द दिलाय तसा. पर एकला निघालो तर वाटेतच ठेचतील लोकं. पेपरात वाचल्यापास्नं बारकी पोरंबी दगडं घिऊन फिरत्यात म्हनं." पेपरात कोण लिहितं ते त्याला पक्कं ठाऊक होतं, पण आवाजात टोमणा नव्हता. "तुम्ही न्या मला. फौजदार तुमच्या वळखीचं हाईत."

"चल. आत्ता चल."

"आत्ता नगं. उद्या आख्यान पुरं हुतंय. ते ऐकतो, आरती घेतो, मग येतो."

आख्यान तीन दिवसांचं होतं. दिल्या शब्दापायी राज्य सोडलेल्या राजाचं. आदल्या दिवशी राणी विकली गेली होती आणि आज राजा स्मशानात राखणीला उभा राहणार होता.

"अरे, शेवट तुला ठाऊक आहे की."

"ठाऊक हाय. पर बुवांच्या तोंडनं ऐकला की खरा वाटतो."

मागच्या रांगेतून गोदाक्कांचा आवाज आला, "अहो निगुडकर, तिथंच मुक्काम का? आमची कपाळं काय कोरडीच ठेवणार?"

मी घाईनं बोट टेकवलं. त्याचं कपाळ तापानं फणफणलं होतं. पुढच्या रांगेत गेलो तेव्हा गोदाक्कांच्या कपाळावर बुक्का वाकडा लागला. त्या दिवशी उत्तररंगात बुवा काय म्हणाले ते मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फौजदार सुर्व्यांच्या घरी गेलो. ते दाढी करत होते. माझं बोलणं ऐकता ऐकता अर्ध्या गालाचा साबण वाळला.

"स्वतः येतोय म्हणता?"

"स्वतः. आरती झाली की. फक्त त्याला मारू नका आणि देवळात वर्दी घालून येऊ नका. पट्टाही बाहेर काढून ठेवा, चामड्याचा चालत नाही."

"पट्टा काढून, हात जोडून, आरोपी धरायचा!" सुर्वे हसले. "बावीस वर्षं नोकरी झाली निगुडकर, असली अटक पहिलीच. बरं. येतो. आमच्या घरचीही म्हणतेच, एकदा तरी बुवांना ऐका म्हणून."

तिथून मी कचेरीत गेलो. खरं तर दादासाहेबांना लगेच सांगायची गरज नव्हती. पण एवढी मोठी बातमी पोटात ठेवून दिवसभर हिंडणं मला जमलं नाही. ऐकल्याबरोबर त्यांनी चष्मा काढला.

"आरती किती वाजता?"

"पावणेसात."

"आणि टपाल आवृत्तीची एस.टी. सव्वासहाला सुटते. तुझ्या देवाला थोडी घाई करायला सांग की!"

आमचा अंक दोनदा छापला जाई. खेड्यापाड्यांत जाणारी टपाल आवृत्ती संध्याकाळच्या गाडीला लागे आणि शहराची पहाटे निघे. टपालाचा फर्मा, म्हणजे छपाईला चढवायची पानं, साडेचारला बंद.

"शहराच्या अंकात घेऊ," मी म्हणालो.

"म्हणजे सगळ्या तालुक्यांनी दोन दिवसांनी वाचायचं? तोवर पुण्याचे पेपर तिथं पोचतील. लिहून टाक आत्ताच."

"दादासाहेब, अजून काही झालेलंच नाही."

"गेल्या साली जयंतीची मिरवणूक निघायच्या आधी 'प्रचंड उत्साहात पार पडली' असं कुणी लिहिलं होतं?"

"मी."

"पार पडली का नाही?"

"पडली."

"मग? बस आणि लिही. काही गडबड झालीच तर मी आहे."

पावणेचारला लिहायला बसलो. हात सवयीनं चालला. 'हातोडेवाला अखेर जाळ्यात' असा मथळा, देवळाचं वर्णन, बुवांचं नाव, मग एकदम कोठडी. सव्वाचारला कागद फोरमन मारुतरावांच्या हातात दिला आणि सायकल काढली. पाचला कीर्तन सुरू होणार होतं, फुलबाजारातून हार आणायचा होता, आणि पूर्वरंगाचं पहिलं नमन चुकलं तर माझा जीव चुटपुटत राहायचा. एक पाय पॅडलवर ठेवला तोच मारुतराव खिडकीत आले.

"निगुडकर, मधे भोक आहे की हो! 'देवळात दिसला' आणि लगेच 'कोठडीत रवानगी'. धरला कसा?"

"वेळ नाही मारुतराव."

"दोन ओळी कमीही पडतात."

"नेहमीचं घाला," मी म्हणालो आणि पॅडल मारलं.

'नेहमीचं' म्हणजे काय ते सांगायला हवं. त्या वेळी छापखान्यात शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा हातानं जुळवून ओळ तयार करत. जी वाक्यं वारंवार लागत ती मोडायची कशाला, म्हणून मारुतराव जुळवलेल्या ओळी तशाच दोऱ्यानं बांधून एका फळीवर ठेवत. 'अध्यक्षांच्या समारोपानंतर सभा संपली.' 'मृत्यूसमयी त्यांचे वय.' आणि एक अशी: 'आरोपी पळून जाण्याच्या बेतात असताना पोलिसांनी झडप घालून त्याला शिताफीने पकडले.' दोरा सोडायचा, ओळ लावायची, काम झालं की पुसून पुन्हा बांधून फळीवर.

कीर्तन त्या दिवशी काय रंगलं! बुवांचा आवाज तापलेल्या तांब्यासारखा होता, ठोकला तसा वळत होता. राजा आपल्याच बायकोकडं मेलेल्या लेकराच्या दहनाचा कर मागतो, त्या जागी बुवा थांबले, नुसते उभे राहिले, आणि सगळ्या देवळातून हुंदके ऐकू आले. खांबाशी सदरा-टोपी घालून बसलेले फौजदार सुर्वे उघड उघड डोळे पुसत होते. रंगनाथ शेवटच्या रांगेत होता. मी मागं वळून पाहिलं, तर तो रडत नव्हता. लहान मूल गोष्ट ऐकतं तसा तोंड अर्धवट उघडं ठेवून ऐकत होता.

आरती झाली. लोक प्रसादाच्या रांगेत गेले. मी सुर्व्यांना दीपमाळेमागं घेऊन गेलो. रंगनाथ आधीच तिथं येऊन उभा होता. उपरणं डोक्यावरून काढून त्यानं घडी घातली होती.

"मी रंगनाथ तांबट," तो म्हणाला आणि दोन्ही हात पुढं केले.

सुर्व्यांनी त्या हातांकडं पाहिलं, मग आपल्या मोकळ्या हातांकडं पाहिलं.

"प्रसाद घेतलास का?"

"न्हाई."

"घेऊन ये. थांबतो आम्ही."

तो गेला. आरोपी गर्दीत शिरला आणि फौजदार तसेच दीपमाळेला टेकून उभे राहिले. पाच मिनिटांनी रंगनाथ तीन द्रोण घेऊन आला, एक सुर्व्यांना, एक मला. मग आम्ही तिघं चौकीपर्यंत चालत गेलो. वाटेत भेटलेल्यांना आम्ही कीर्तनाहून परतणारी माणसंच वाटलो असणार. वाटेत रंगनाथनं एकदाच तोंड उघडलं. म्हणाला, "गणपानं हातोडा भागूवर उगारला हुता, सायेब. मी हिसकावला. मग काय झालं ते मलाच दिसलं न्हाई. एकच घाव. येकच."

"लिहून घेईन तसं," सुर्वे म्हणाले.

मी घरी गेलो. शहराच्या अंकात ती बातमी दुरुस्त करता आली असती. कचेरी दहा मिनिटांवर होती. पण कान अजून अभंगात होते, मन निवलं होतं, आणि खरं सांगतो, त्या फळीवरच्या ओळीची मला आठवणसुद्धा झाली नाही.

सकाळी सुर्व्यांचा शिपाई दारात. चौकीवर गेलो तर फौजदारांच्या पुढ्यात आमचा अंक पसरलेला.

"निगुडकर, झडप कुणी घातली हो काल?"

मी वाचलं. मधली ओळ फळीवरची होती.

"चुकून... ती ओळ तयार असते..."

"जिल्ह्याच्या साहेबांचा फोन आला मघाशी. शाबासकी दिली. बढतीसाठी नाव पाठवतो म्हणाले." सुर्वे माझ्याकडं पाहत नव्हते. "कागद अजून कोराच आहे माझा. आता सांगा, काय लिहू? साहेबांना म्हणू, की मी झडप घातली नाही, प्रसाद खाल्ला?"

"खरं लिहा."

"तुम्ही आधी खुलासा छापा. मग मी लिहितो."

मी धावत कचेरीत आलो. दादासाहेबांनी माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, एवढं खरं.

"खुलासा? 'आम्ही आरोपी पकडण्याची बातमी तो पकडण्याआधी छापली', असा खुलासा? आपल्याच हातानं आपल्या तोंडाला काळं फासायचं?"

"त्या माणसाचं नुकसान होईल."

"खून करून आलाय तो. दोन ओळींनी त्याचं आणखी काय नुकसान होणार आहे? जा, पाणी पी."

सुर्व्यांनी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीच्या अंकात खुलासा आला नाही, तेव्हा त्यांनी कागद भरला, आमच्याच शब्दांत. 'पळून जाण्याच्या बेतात असताना' हे शब्द फौजदाराच्या अक्षरात मी नंतर कोर्टात पाहिले.

दोन ओळींनी काय होतं, ते मला हर्डीकर वकिलांनी सांगितलं. सरकारनं रंगनाथसाठी दिलेले वकील, साठीचे, सतत खोकणारे.

"हे बघा निगुडकर. हातोडा आधी गणपतनं उचलला, असं पोरगा म्हणतो. बघणारी फक्त बहीण. बहीण भावाच्या बाजूनंच बोलणार, असं सरकारी वकील म्हणतील. म्हणजे सगळं पोराच्या शब्दावर. नऊ दिवस लपला तो भीतीनं लपला, असं मला म्हणता येतं, पण कधी? तो आपल्या पायांनी आला असेल तर. पळताना सापडला असेल तर त्याचा प्रत्येक शब्द खोटा. मग तीनशे दोन. फाशी." ते खोकले. "तो म्हणतो, मी स्वतः आलो. फौजदार म्हणतात, झडप घातली. पेपर म्हणतो, झडप घातली. आणि सरकारी वकिलांनी तुमचं नाव साक्षीदारांत घातलंय. शिकलेला माणूस, देवळातला, कुणाच्या अध्यातमध्यात नाही."

"दीपमाळेमागं आम्ही तिघंच होतो," मी म्हणालो.

"मग तिसरे तुम्ही."

तरी मी दुसऱ्या कुणाला तरी शोधत राहिलो. नरहरबुवांचा मुक्काम तेव्हा बारा कोसांवरच्या एका मठात होता, तिथं जाऊन आलो. बुवांनी मला पिठलं-भाकरी वाढली, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "निगुडकर, मी आरतीनंतरही देवाकडं तोंड करून उभा होतो. तुमच्याकडं माझी पाठ होती. मी काय सांगू?"

"तुम्ही सांगितलं तर लोक ऐकतील, बुवा."

"लोक माझं गाणं ऐकतात. पण घडलेलं पाहिलंत तुम्ही." जेवणावरून उठताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हार घालायला येत जा मात्र. तुमच्यासारखा हार कुणी घालत नाही. दुसरे नुसते गळ्यात टाकतात."

खटला सेशन्स कोर्टात तीन महिन्यांनी उभा राहिला. भागूची साक्ष पहिल्याच दिवशी झाली. बारीक, काळीसावळी बाई, डोक्यावरून पदर. तिनं सरळ सांगितलं: दीर माझ्या अंगावर हातोडा घेऊन आला, भाऊ मधे पडला. पण साक्ष देताना आणि देऊन जाताना तिनं आरोपीच्या पिंजऱ्याकडं एकदाही पाहिलं नाही. न्यायाधीशांच्याही ते लक्षात आलं असावं. सरकारी वकिलांनी तर बोलूनच दाखवलं, "भावाकडं बघायचीसुद्धा हिंमत होत नाही, महाराज."

माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी दादासाहेबांनी मला खोलीत बोलावलं.

"विचारतील तेवढ्याला उत्तर द्यायचं. 'बातमीत लिहिल्याप्रमाणे' म्हणायचं. तुझं नाव राहील, माझा पेपर राहील. कळलं?"

संध्याकाळी जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांपाशी बसलो आणि हवे होते ते अंक काढले.

कोर्टात सरकारी वकिलांनी मला अंक दाखवला.

"ही बातमी तुमची?"

"माझी."

"घटनेच्या वेळी तुम्ही देवळात हजर होता?"

"होतो."

"म्हणजे आरोपीला पळून जाताना पोलिसांनी झडप घालून पकडलं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत."

"नाही."

वकिलांनी कागद खाली ठेवला. "नाही म्हणजे?"

"ही बातमी मी दुपारी पावणेचारला लिहिली. घटना संध्याकाळी पावणेसातची."

मागच्या बाकांवर कुणीतरी फुसकन हसलं. न्यायाधीश पुढं झुकले. ते पारशी होते, मराठी सावकाश, आपल्या ढंगात बोलत.

"तुमी भविष्य लिवता?"

"रोजच लिहितो, महाराज. मिरवणुकीचं, सभेचं. हेही लिहिलं." मी अंकाकडं बोट दाखवलं. "आणि ती जी ओळ आहे ना, झडप घातल्याची, ती तर मी लिहिलेलीही नाही. ती छापखान्यात बांधून ठेवलेली असते."

"बांधून?"

मी सांगितलं. फळी, दोरा, मारुतराव, सगळं. पाय पॅडलवर होता तेही सांगितलं. सरकारी वकील उठून म्हणाले, साक्षीदार फितूर झाला आहे. न्यायाधीशांनी हातानंच त्यांना बसवलं.

"यास पुरावा काय?"

मी खिशातून कात्रणं काढली. सात होती. शिरस्तेदारानं ती वर नेऊन दिली. न्यायाधीश एकेक वाचू लागले, आधी मनात, मग मोठ्यानं.

"सायकल चोरणारा इसम. पळून जाण्याच्या बेतात असताना झडप घालून. देवळातली समई नेणारा. पळून जाण्याच्या बेतात असताना झडप घालून. शेळी नेणारा इसम..." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मिस्टर निगुडकर, ह्या जिल्ह्यामंदी कोणी उभा ऱ्हाऊन सापडतच नाय काय?"

कोर्ट खदखदून हसलं. मी हसलो नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात रंगनाथ मान खाली घालून उभा होता.

"मग खरोखर काय घडलं?" हर्डीकरांनी विचारलं.

मी सांगितलं. दीपमाळ, पुढं केलेले हात, 'प्रसाद घेतलास का'. शेवटी तीन द्रोण.

दुपारनंतर सुर्व्यांना पुन्हा उभं केलं. त्यांच्या खांद्यावर आता नवा तारा होता.

"आरोपी गर्दीत प्रसाद आणायला गेला, तेव्हा तुम्ही काय करत होता?" हर्डीकरांनी विचारलं.

सुर्व्यांनी एकदा आरोपीच्या पिंजऱ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "उभा होतो."

"तो पळून जाईल असं वाटलं नाही?"

"नाही."

"का?"

"त्याला पळायचं असतं तर आख्यान संपेपर्यंत बसला नसता." आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, खालच्या आवाजात, "मी झडप घातली नव्हती."

निकाल पंधरा दिवसांनी लागला. सदोष मनुष्यवध, खून नव्हे. सात वर्षं. हर्डीकर मला म्हणाले, "जिंकलो म्हणायचं का हो?" आणि खोकत निघून गेले. सुर्व्यांचा तारा उतरला, हे पुढं कळलं. माझी नोकरी त्याआधीच, साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी गेली होती. दादासाहेब ओरडले नाहीत. "कीर्तनवाला माणूस बातमीदार ठेवला, चूक माझीच," एवढंच म्हणाले, आणि चहा मात्र पाजला.

निकालाच्या दिवशी मी कोर्टाच्या व्हरांड्यात थांबलो होतो. दोन पोलिसांमधून रंगनाथ आला. हातात बेड्या. मला पाहून थांबला. पोलिसांनी थांबू दिलं.

"भाऊ, उद्याच्या पेपरात काय येतंय?"

"मी आता पेपरात नाही, रंगनाथ."

"आं? मग कोन लिवणार?"

"लिहील कुणीतरी. सात वर्षांची सजा झाली, एवढंच येईल."

तो एक पाऊल जवळ आला.

"भागूनं माझ्याकडं बघितलं न्हाई ते तुम्ही बघितलंसा न्हवं?"

"पाहिलं."

"ती चौथी शिकलीया. पेपर वाचती. म्या तिला मुरलीधराची आन घिऊन सांगितलं हुतं, माझ्या पायानं जातो म्हनून. तिनं वाचलं, मी पळत हुतो. तवापास्नं न्हाई बोलली. भेटायला आली न्हाई, भाकर धाडली न्हाई." त्यानं बेड्या घातलेले हात जरा वर उचलले, जणू काही दाखवायचं होतं, मग खाली घेतले. "तुम्ही कोर्टात बोलला तवा ती न्हवती. कुनी सांगितलं तर ऐकंना झालीया. म्हनती, छापलेलं काय खोटं असतंय व्हय?"

"चल रे," पोलीस म्हणाला.

मी तिथून सरळ तांबटआळीत गेलो. दुपारचे चार वाजले असतील. दोन्ही बाजूंनी ठोके पडत होते, इतके की माझीच पावलं मला ऐकू येत नव्हती. भागू आता वेगळ्या खोलीत राहत होती. दारात हंडा घासत बसली होती. मला ओळखलं. उठली नाही.

"कोर्टातलं ठाऊक झालं मला," ती म्हणाली. "सात वर्सं. तुम्ही कशाला आलासा?"

"तुला एक सांगायचंय."

"पेपरात येऊ द्या. वाचीन."

"पेपरात येणार नाही."

ती हंडा घासत राहिली. मी समोरच्या दगडावर बसलो, हातात टाळ नाही, मागं पेटी नाही, आणि सांगायला लागलो. पहिल्यापासून. उपरणं पुढं ओढून बसलेला तिचा भाऊ, 'भागूला शब्द दिलाय' म्हणालेला, तापलेलं कपाळ. मग फळीवरची ओळ, माझी घाई. मधे एकदा तिनं विचारलं, "म्हंजी तुम्ही आधीच लिवलं हुतं?" मी हो म्हणालो. पुढं तिनं मला थांबवलं नाही. दीपमाळेपाशी पोचलो तेव्हा हंड्यावरचा तिचा हात थांबला होता. आळीतले ठोके एकेक करून बंद होत गेले, माणसं हातपाय धुऊन घरी जायला लागली, दोघं-तिघं आमच्यापाशी उभी राहिली, मग बसली. मी काहीच गाळलं नाही. जी बातमी मी अर्ध्या तासात उरकली होती, तिला दिवेलागण झाली.

संपलं तेव्हा भागूनं पदरानं तोंड पुसलं. आत गेली. बाहेर आली ती फडक्यात काहीतरी बांधत.

"जेलात भाकरी घेत्यात का हो, भाऊ?" तिनं विचारलं. "का परत धाडत्यात?"